उंदरांनी खाल्लेला वेताळ

आमच्या बँकेतून निवृत्त झालेले एक हेडकॅशियर नेहमी म्हणत, चाळिशीनंतर माणसाला एखादे तरी व्यसन हवे. नाहीतर तो घरच्यांच्या कामात लक्ष घालू लागतो. ते स्वतः तपकीर ओढीत. मला तपकिरीने शिंका येतात आणि दारूला घरातून मंजुरी मिळण्याची शक्यता नव्हती. शेवटी मी जुनी कॉमिक्स जमवू लागलो.

“याच्यापेक्षा तपकीर बरी,” असे सौभाग्यवतींचे मत आहे. “तपकीर झटकली की जाते. हे कपाटात जाऊन बसतं.”

त्यांचे अगदीच चुकते असे नाही. धुतलेल्या चादरींचा कप्पा सध्या वेताळाच्या ताब्यात आहे, आणि चादरी कुठे आहेत हे मला ठाऊक नाही.

पण एकट्याने केले तर ते व्यसन. चौघांनी मिळून केले की त्याचे मंडळ होते. आमचे मंडळ दर रविवारी सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भरते. ट्रॅकचा अपमान नको म्हणून आधी एक फेरी मारायची आणि मग बाकावर बसून पिशव्या उघडायच्या, असा शिरस्ता आहे. सभासद माझ्यासकट पाच. पहिले प्रेसकाका. नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटले की वर्तमानपत्र नव्हे, नाशिकरोडची नोटांची आणि तिकिटांची प्रेस. काकांनी तिथे नोकरीभर छपाईच तपासली. त्यामुळे वेताळाच्या कपड्यांचा रंग रेषेबाहेर अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी त्यांचा चेहरा पडतो. दुसरे सराफ बाजारातले घड्याळजी. तिसऱ्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. चौथा संगणकवाला चिरंजीव, वय वर्षे चोवीस. तो हायवेच्या पलीकडून येतो आणि इंदिरानगरच्या बोगद्यात अडकल्यामुळे नेहमी उशिरा पोहोचतो. मँड्रेकने बोट दाखवले तर पिस्तुलाचा साप होतो, पण तो बोगदा त्याच्याच्यानेही मोकळा व्हायचा नाही.

रविवारी प्रत्येकाने आठवड्याची आवक दाखवायची. मग तपासणी. इथे माझे बँकेतले शिक्षण उपयोगी पडते. आमच्याकडे नोटांच्या दोन जाती असतात: वापरून मळलेली ती ‘सॉइल्ड’, आणि तुकडा गेलेली ती ‘म्युटिलेटेड’. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा सलग तुकडा आणला तर नियमाप्रमाणे पूर्ण पैसे द्यावे लागतात. आमच्या मंडळानेही तोच नियम स्वीकारला आहे. मुखपृष्ठ निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर अंक पूर्ण धरायचा.

चिरंजीवाला हे मान्य नाही. अमेरिकेत म्हणे अंकाला दहापैकी गुण देतात. घडी पडली, गुण कापला. कोणी नाव लिहिले, कापला. मी त्याला म्हटले, “बाबा रे, या पद्धतीने गुण दिले तर आपल्या लहानपणातले कोणीच पास व्हायचे नाही.”

आता थोडा इतिहास सांगतो. मी वाणिज्य शाखेचा. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीला संपला. पण हा इतिहास मी परीक्षेसाठी नव्हे, अंगठ्याला थुंकी लावून पाने उलटत वाचलेला आहे.

वेताळाचा जन्म १७ फेब्रुवारी १९३६ चा, म्हणजे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतला. बापाचे नाव ली फॉक. त्याचा थोरला मुलगा जादूगार मँड्रेक १९३४ चा. वेताळ आपल्याकडे पुस्तकरूपाने आला मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून, ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या नावाने. पहिल्या अंकातली गोष्ट वेताळाच्या कमरपट्ट्याची होती आणि किंमत होती साठ पैसे. आज कोणी साठ पैसे रोख द्यायचे म्हटले तर पंचाईत आहे. पन्नासचे नाणे कायद्याने चालते, पण पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. राहिलेले दहा पैसे आणायचे कुठून?

पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आळीपाळीने येऊ लागली. मूळ गोष्टीत वेताळाच्या जंगलाचे नाव ‘बंगाल’शी जुळणारे होते. वाचणाऱ्याने कलकत्त्याची गाडी पकडू नये म्हणून इथे त्याचे ‘डेंकाली’ झाले. नाव बदलून माणूस आपलासा करण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सासरी आलेल्या मुलीवर आपण ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली.

पण ‘फँटम’चे ‘वेताळ’ करणाऱ्याला मात्र माझा नमस्कार. कारण वेताळ आमच्याकडे आधीपासून होताच. कोकणात त्याची देवळे आहेत, पुण्यात त्याची टेकडी आहे, आणि छापील वेताळ चांदोबात लोंबकळत होता. ‘चंदामामा’ मद्रासहून १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघाले. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून. चित्रकार शंकर यांनी काढलेला तो विक्रमराजा, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, ज्याने पाहिला त्याला तो जन्मभर दिसतो. माझा लहानपणी असा ठाम समज होता की हे दोन्ही वेताळ एकच. रात्री झाडावर लटकायचे आणि सकाळी मुखवटा घालून घोड्यावर बसायचे. नाहीतरी आमच्या वाड्यातले निम्मे भाडेकरू दोन-दोन नोकऱ्या करीतच होते.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, यांना दोन्ही वेताळ नापसंत. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने, कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे जाडजूड पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी तिथल्या सिनेटने त्या विषयावर साक्षीपुरावे घेतले. अण्णांना एवढे सायास पडले नाहीत. ते “अभ्यास झाला का?” एवढेच विचारीत.

अण्णांच्या कायद्यातली पळवाट आम्हाला अनंत पै यांनी मिळवून दिली. पै कारकळचे. ‘इंद्रजाल’ सुरू झाले तेव्हा ते टाइम्समध्येच होते. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती धडाधड सांगता आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून पै हळहळले आणि ‘अमर चित्र कथा’ निघाली, अशी हकीकत आहे. तिच्यातला ‘कृष्ण’ हा पहिला भारतीय अंक. पण त्याचा क्रमांक अकरा, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांना गेलेले. हा ‘कृष्ण’ काढला राम वाईरकरांनी. पुढे ‘टिंकल’मधला तो बावळा सुपंडीही त्यांच्याच हातचा. ‘शिवाजी’ काढला प्रताप मुळीकांनी. त्यांनीच पुढे हिंदीतला हिरवा नागराजही काढला. आमच्या चित्रकलेच्या बाई मुळीकांचे घोडे विद्यार्थ्यांना दाखवतात. म्हणतात, “या घोड्यांना वजन आहे. तुमचे घोडे तरंगतात.”

देवाची पुस्तके म्हटल्यावर अण्णांना ‘नाही’ म्हणता येईना. मग ‘कृष्ण’ वर आणि ‘वेताळ’ खाली अशी थप्पी रचायची. कर्जाच्या फाईलमध्ये चांगले कागद वर ठेवावेत, हे मी बँकेत लागण्याआधीच शिकलो होतो.

डिसेंबर १९७६ मध्ये ‘इंद्रजाल’ने आपला स्वतःचा नायक आणला: बहादूर. तो निर्माण केला आबिद सुरती यांनी, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बाप डाकू, आणि मुलगा वाढला पोलीस अधिकाऱ्याच्या घरी. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन. मुखवटा नाही, कवटीची अंगठी नाही. आमच्या दादाला बहादूर सर्वांत प्रिय. तो म्हणायचा, “वेताळाला एकवीस पिढ्यांची इस्टेट आहे. याला स्वतःच सगळं उभं करायचंय.”

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमचे बिऱ्हाड तेव्हा तिवंध्याजवळच्या एका वाड्यात. दादाने खाऊचे, बसचे आणि एकदा तर सहलीचेही पैसे वाचवून ‘इंद्रजाल’चे १०८ अंक जमवले होते. प्रत्येकावर हिरव्या शाईने नोंद क्रमांक, आमचे आडनाव आणि खाली धमकी: “चोरणाऱ्याच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटेल.” त्याची वेगळी वही होती. बँकेत मी गेलो, पण खरा लेजर दादाने ठेवला होता.

१९९० साली दोन गोष्टी घडल्या. दादा पिंपरीला नोकरीला गेला आणि ‘इंद्रजाल’ बंद पडले. एकूण अंक निघाले ८०३. क्रमांक मात्र दोन जास्त वापरले आहेत, कारण संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक छापलेच गेले नाहीत. मंडळात कोणी नवा आला की आम्ही त्याला १२३ शोधायला पाठवतो. चिरंजीव चार महिने शोधत होता.

बारा वर्षांच्या मला त्या उन्हाळ्यात एवढेच कळले की स्टॉलवर नवा अंक येत नाही. मी मनाशी हिशेब केला: मालिका बंद, मालक परगावी, आणि गल्लीतल्या बॅटच्या वर्गणीत माझे तेरा रुपये बाकी. बंद पडलेल्या कंपनीचे शेअर घरात ठेवून काय उपयोग? १०८ अंकांचे वजन साडेसहा किलो भरले. दोन रुपये किलोने तेरा रुपये. अंकामागे बारा पैसे.

दिवाळीला दादा आला. ट्रंक उघडली. मी म्हटले, “उंदरांनी खाल्ले.”

वाड्यात उंदीर होतेच. त्यांच्यावर आणखी एक गुन्हा चढला, इतकेच. दादाने ट्रंकेत हात फिरवला, झाकण लावले आणि चकली खायला बसला. त्यानंतर त्याने कॉमिक घेतलेले मी पाहिले नाही.

ही गोष्ट मी पस्तीस वर्षे कोणाला सांगितली नाही. मंडळातही नाही. आता मात्र जमाखर्च मांडायला बसलोच आहे.

जुन्या कॉमिक्सना किंमत का येते, यावर आमच्या बाकावर पुष्कळ चर्चा झाली आहे. १९३८ साली दहा सेंटला मिळणारा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला. आम्हाला कॉलेजात शिकवले होते की वस्तू जुनी झाली की तिच्यावर घसारा धरावा. इथे घसारा उलटा चालतो. त्याचे कारण एकच: बाकीच्यांनी आपापले अंक फेकून दिले. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी देशासाठी गठ्ठे नेऊन दिले. आपल्याकडे युद्धाची गरज पडली नाही. आपल्याकडे भेळ होती.

त्यातून जे वाचले त्यावर गोदावरीची नजर. सप्टेंबर २००८ च्या पुरात दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला आणि पाणी सराफ बाजारात शिरले. आमच्या घड्याळजींनी आधी गिऱ्हाइकांची घड्याळे वर नेली. कॉमिक्सची ट्रंक खाली राहिली. नंतर तीन दिवस त्यांच्या गॅलरीत दोरीवर चिमटे लावून मँड्रेक आणि लोथार वाळत होते. निम्म्यांचा लगदा झाला. “गिऱ्हाइकाचं आधी,” एवढेच ते अजून म्हणतात. ऑगस्ट २०१६ ला पुन्हा पूर आला तेव्हा ट्रंक माळ्यावर होती.

त्याच २०१६ साली, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. पुढचे दोन महिने काउंटरवर मी माणसांचे चेहरे पाहत होतो. संध्याकाळपर्यंत पाचशे रुपये असलेला कागद सकाळी नुसता कागद होता. आणि घरी चादरींच्या कप्प्यात साठ पैशांचा कागद होता, ज्याचे त्याच आठवड्यात मला कोणीतरी पाचशे देऊ करत होते. शंभराच्या चार नोटा आणि उरलेले उद्या, असा व्यवहार होता; मी दिला नाही.

आता परवाचा रविवार. चिरंजीव नेहमीप्रमाणे बोगद्यातून उशिरा आला. पण चेहरा उजळलेला. गंगेवर बुधवारच्या बाजारात त्याला सुतळीने बांधलेला सात मराठी ‘इंद्रजाल’चा गठ्ठा मिळाला होता. सहा अंक हातोहात फिरले. सातवा त्याने बाजूला ठेवला. “हा वाया गेलेला आहे. आत सगळं लिहून ठेवलंय. दहापैकी दोन.”

बहादूरचा अंक. मी मुखपृष्ठ उलटले. हिरवी शाई. नोंद क्रमांक ६४. खाली आमचे आडनाव आणि कवटीची धमकी.

त्याच्यावर आडवा जांभळा शिक्का, गल्लीतल्या एका घरगुती लायब्ररीचा: “रोज २५ पैसे. फाटल्यास पूर्ण किंमत.” त्याच्या खाली पेन्सिलीने तिसऱ्याच कोणाचे तरी नाव, इयत्ता चौथी ब. आणखी खाली भज्याचा डाग. ऑर्डर चेक हातोहात फिरावा आणि मागे सह्यांची रांग लागावी, तसा तो अंक दिसत होता. रद्दीवाला, लायब्ररी, चौथी ब, बाजार: साऱ्या एन्डॉर्समेंट क्रमाने. फक्त पहिल्या मालकानंतर एक सही नव्हती. ती माझी.

दिवसभर काउंटरवर मी लोकांना सांगतो, नोटेवर लिहू नका. नोट कोरीच बरी, कारण तिने कोणाची ओळख ठेवायची नसते. पण या अंकांचे उलटे आहे. ज्याच्यावर काहीच लिहिलेले नाही, तो कोणी वाचलेलाच नाही. दहापैकी दहा मिळवणारा अंक म्हणजे लग्न न झालेल्याने संसारावर दिलेले व्याख्यान.

“कितीला देतोस?” मी विचारले.

“काका, हा तसाच घ्या.”

“तसा नको. तेरा रुपये घे.”

मंडळी हसली. प्रेसकाका तेवढे हसले नाहीत. ते माझ्या हनुवटीकडे पाहत होते, असे मला वाटले.

रात्री दादाला फोन केला.

“दादा, एक अंक सापडलाय.”

“कसला अंक?”

“इंद्रजाल. तुझा. चौसष्ट नंबर.”

पलीकडे काही क्षण पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग दादा म्हणाला, “बहादूर.” वही अजून पाठ होती. आणि मग, “कुठून कुरतडलाय बघ रे जरा.”

“दादा... उंदीर नव्हते.”

“माहितीये मला. त्याच दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो होतो. माझाच अंक पंचवीस पैसे देऊन वाचला.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलणारच होतो. पण दुपारी तुला गल्लीत बॅटिंग करताना पाहिलं. म्हटलं, तेरा रुपये तसेही पाण्यात गेलेत. याला आणखी काय बोलायचं.”

तेरा हा आकडाही त्याला ठाऊक होता. चौकशी पुरती केली होती त्याने.

“पुन्हा घेतली का नाहीस?” मी विचारले.

“क्रमांक चुकला असता ना,” तो म्हणाला. “रविवारी घेऊन ये अंक. आणि माझे पंचवीस पैसे.”

“पंचवीस पैसे २०११ साली बंद झाले, दादा.”

“बँकेत आहेस ना? मग व्याज लाव.”

लावले. दर साल दर शेकडा आठ, चक्रवाढ, पस्तीस वर्षे: तीन रुपये सत्तर पैसे. या रविवारी मंडळाला मी रजा टाकली आहे. सकाळच्या पुण्याच्या गाडीने निघतो आहे. सत्तर पैसे सुटे मिळत नाहीत, म्हणून खिशात चार रुपये घेतले आहेत. वरचे तीस दादाकडून परत मागायचे नाहीत, असे सौभाग्यवतींनी बजावले आहे.